मडके वाजवून घेतो, आणि चिलखत?

२६ नोव्हेंबर हा २००८ च्या मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याचा दिवस. दरवर्षी दूरचित्रवाणीवर एक चित्रफीत पुन्हा दाखवली जाते. छत्रपती शिवाजी टर्मिनसबाहेर पोलीस अधिकारी हेमंत करकरे डोक्यावर हेल्मेट चढवत आहेत, अंगावर जाकीट आहे, चेहऱ्यावर घाई आहे पण गोंधळ नाही. काही वेळाने कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर गोळ्यांना बळी पडले. त्याच रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही. त्यांच्या हातात काठी होती. अंगावर खाकीशिवाय काही नव्हते.

एकाकडे जाकीट होते आणि एकाकडे नव्हते, आणि दोघेही गेले. त्यामुळे दरवर्षी या दिवशी आपण शौर्याबद्दल बोलतो आणि ते योग्यच आहे. पण त्या रात्रीनंतर महाराष्ट्रात एका वस्तूबद्दल जेवढा संताप व्यक्त झाला, तेवढी तिच्याबद्दलची समज मात्र वाढली नाही. ती वस्तू म्हणजे बुलेटप्रूफ जाकीट, पोलिसांच्या तोंडचे ‘बीपी जाकीट’.

करकरे यांचे जाकीट नंतर रुग्णालयातून गहाळ झाले. त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकाराखाली त्याचा पाठपुरावा केला तेव्हा ही गोष्ट लोकांसमोर आली. मग निकृष्ट माल, खरेदीतला घोळ, जबाबदार कोण, यांवर वर्षानुवर्षे चर्चा झाली. या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. ज्यावर प्रत्यक्ष हल्ल्यात गोळ्या झाडल्या गेल्या असे जाकीट हा कोणत्याही प्रयोगशाळेत तयार न होणारा दस्तऐवज असतो. गोळी कुठे लागली, किती थर फाटले, मागची बाजू किती फुगली, कुठला भाग उघडा राहिला, हे सगळे त्यावर लिहिलेले असते. आपण तो कागद वाचण्याआधीच हरवला.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. ‘बुलेटप्रूफ’ असे काही नसते. अमेरिकेची मानके असोत की आपल्या भारतीय मानक ब्यूरोचे २०१८ चे ‘आयएस १७०५१’, सगळीकडे शब्द आहे तो गोळीला प्रतिकार करणारे जाकीट असा. अमुक वजनाची, अमुक वेगाची, अमुक गाभ्याची गोळी अमुक अंतरावरून आली तर हे जाकीट ती अडवेल, एवढाच करार. पिस्तुलासाठीचे जाकीट घालून रायफलसमोर उभे राहणे म्हणजे छत्री घेऊन धबधब्याखाली उभे राहणे. शिवाय जाकीट छाती, पोट आणि पाठ झाकते. मान, खांदा, काख, मांडी उघडीच राहतात, कारण तीही झाकली तर माणूस धावणार कसा आणि बंदूक खांद्याला लावणार कशी?

पिस्तुलाची गोळी अडवणारे मऊ जाकीट म्हणजे मुळात एक गोधडी आहे. पातळ कापडाचे वीस-तीस थर एकावर एक ठेवून टाचलेले. फरक आहे तो धाग्यात. १९६५ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनतज्ज्ञ गाडीच्या टायरसाठी हलका आणि मजबूत धागा शोधत होत्या. त्यांच्या हाती एक पातळ, गढूळ द्रावण आले, ताकासारखे. असले द्रावण एरवी कुणीही ओतून दिले असते. धागा काढणाऱ्या यंत्राची बारीक छिद्रे त्याने तुंबतील म्हणून यंत्रावरचा माणूसही तयार होईना. क्वोलेक अडून बसल्या. निघालेला धागा त्याच वजनाच्या पोलादाच्या पाचपट मजबूत होता. तो केवलार. पुढे त्याने हजारो पोलिसांचे प्राण वाचवले. क्वोलेक २०१४ मध्ये नव्वदाव्या वर्षी गेल्या.

धागा नुसता मजबूत असून भागत नाही. गोळी कापडावर आदळली की त्या जागेपासून ताणाची एक लाट धाग्यातून दोन्ही बाजूंना धावते. ही लाट जितकी वेगाने पसरेल तितका जास्त धागा कामाला लागतो आणि भार वाटला जातो. लाट मंद असेल तर गोळीसमोरचे चार धागे एकटेच सापडतात आणि तुटतात. गावातल्या एका घराला आग लागली आणि हाक वेळेत पोचली तर शंभर बादल्या येतात, उशिरा पोचली तर घर जळून गेलेले असते. म्हणून जाकिटाचा धागा हलका आणि ताठ हवा. केवलारनंतर आलेल्या पॉलिथिलिनच्या धाग्याने इथेच बाजी मारली. रसायन तेच, आपल्या किराण्याच्या पिशवीचे. पण त्याच्या अतिलांब साखळ्या ओढून एका दिशेत सरळ केल्या की असा धागा निघतो, जो पाण्यावर तरंगतो आणि तरीही गोळी धरतो. हे तंत्र नेदरलँड्समध्ये विकसित झाले. त्याचे वैगुण्यही त्याच्या कुळातले. दीडशे अंशांच्या आसपास तो वितळतो आणि त्याच्या बऱ्याच आधी ढिला पडायला लागतो.

विणकामही बदलले. उभ्या-आडव्या विणीत धागा प्रत्येक गाठीशी वरखाली वळतो आणि त्या वळणांवर लाट अडखळते. म्हणून आता धागे न विणता समांतर अंथरतात, थोड्या राळेने चिकटवतात, त्यावर दुसरा थर काटकोनात ठेवतात. इथे एक गंमत आहे. पुलासाठी किंवा विमानाच्या पंखासाठी असे मिश्र साहित्य करताना थर एकमेकांना घट्ट चिकटलेले हवेत. थर सुटणे म्हणजे दोष. चिलखतात मात्र राळ मुद्दाम कमी ठेवतात, कारण थर सुटताना गोळीची ऊर्जा खातात. फार घट्ट चिकटवले तर गोळी टोकदार भोक पाडून जाते. फार सैल ठेवले तर थर सुटतात, गोळी अडते, पण मागची बाजू एवढी फुगते की बरगड्या मोडतात. ही मधली जागा शोधण्यात चिलखत करणाऱ्यांच्या पिढ्या खर्ची पडल्या आहेत, आणि दर नव्या गोळीमागे ती जागा पुन्हा शोधावी लागते.

आता रायफल. एके-४७ ची गोळी जेमतेम आठ ग्रॅमची. पण ती नळीतून सेकंदाला सातशे मीटरहून अधिक वेगाने निघते. तिची ऊर्जा म्हणजे सिमेंटची दोन पोती दोन मीटर उंचीवरून पडताना जेवढी ऊर्जा घेऊन येतात तेवढी, आणि ती सारी बोटाच्या पेराएवढ्या जागेत. (सिनेमात गोळी लागलेला खलनायक हवेत उडून काचेतून बाहेर जातो ते मात्र खोटे. गोळीचा धक्का एवढा असता तर झाडणाराही तेवढाच मागे फेकला गेला असता.) हिच्यापुढे कापडाची गोधडी पुरत नाही. तांब्याच्या कवचाआड पोलादी गाभा असला, तर तो धागे बाजूला सारून किंवा कापून पार होतो.

म्हणून पुढे सिरॅमिकची फरशी लावतात. ही कल्पना पहिल्यांदा ऐकली की विचित्र वाटते. जी वस्तू हातातून पडली तर फुटते, तिने गोळी अडवायची? पण तिचे काम अडवण्याचे नाही, गोळी बिघडवण्याचे आहे. पोलादाहून कितीतरी कठीण पृष्ठभागावर आदळताच गोळीचे टोक चेपते, गाभा झिजतो, तुटतो. त्या सूक्ष्म क्षणात फरशीच्या आत शंकूच्या आकाराची भेग उघडते आणि गोळीचा भार मागच्या थरांवर बोटभर जागेऐवजी तळहाताएवढ्या जागेत पसरतो. मग बोथट तुकडे आणि फरशीच्या ठिकऱ्या पकडायचे काम मागची पॉलिथिलिनची दाबलेली पाटी करते. फरशी स्वतः मरून गोळीला मारते, असे म्हणायचा मोह होतो. पण चांगली फरशी पहिल्या गोळीत मरत नाही. तिला कापडात घट्ट गुंडाळून, मागच्या पाटीला योग्य जाडीच्या चिकटाने धरून ठेवले, तर भेगाळलेला भागही जागेवर राहतो आणि शेजारी येणारी दुसरी-तिसरी गोळी झेलतो. फरशी एकसंध असावी की लहान तुकड्यांची, यावरही मतभेद आहेत. तुकड्यांत भेग पसरत नाही, पण दोन तुकड्यांमधल्या सांध्यावरच गोळी बसली तर काय?

या फरशीचे सर्वात हलके साहित्य म्हणजे बोरॉन कार्बाइड. घनता पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. कठीणपणात हिऱ्याच्या जवळ जाणाऱ्या मोजक्या पदार्थांपैकी एक. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची त्याच्याशी ओळख वेगळ्याच कारणाने आहे. बोरॉन न्यूट्रॉन शोषून घेतो, म्हणून अणुभट्टी आवरायला हा पदार्थ लागतो. त्याची बारीक पूड प्रचंड तापमानाला दाबून घट्ट करण्याचे तंत्र त्या कामातून हाती असलेल्या केंद्राने ‘भाभा कवच’ तयार केले आणि हैदराबादच्या मिश्र धातू निगमकडे उत्पादनासाठी दिले. २६/११ चे घाव झेललेल्या शहराच्या एका टोकाला, चेंबूरच्या पलीकडे, हे काम झाले. ते महाराष्ट्रातल्या किती जणांना ठाऊक आहे?

बोरॉन कार्बाइडलाही आपली खोड आहे. साध्या पोलादी गोळीसमोर ते उत्तम वागते. पण अतिवेगाने आलेल्या कठीण गाभ्याच्या गोळीखाली दाब फार वाढला की त्याची स्फटिकरचना अतिशय पातळ पट्ट्यांत कोसळते आणि कठीणपणा ऐन वेळी दगा देतो. २००३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी फुटलेल्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिले. तेव्हापासून त्यात थोडे सिलिकॉन मिसळून ही कोसळ रोखण्याचे प्रयत्न चालू आहेत. हे घडले ते फुटलेले तुकडे कुणी फेकून दिले नाहीत म्हणून, हेही इथे नोंदवायला हवे.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे या क्षेत्रात खरोखर प्रगती झाली. २०१८ मध्ये लष्करासाठी १,८६,१३८ जाकिटांचा ६३९ कोटी रुपयांचा करार झाला. एप्रिल २०२४ मध्ये डीआरडीओच्या कानपूरच्या प्रयोगशाळेने मानकाच्या सर्वात वरच्या, सहाव्या पातळीची चिलखतभेदी गोळी सहा वेळा झेलणारी पाटी सिद्ध केल्याचे जाहीर झाले. तिचे वजन चौरस मीटरला ४३ किलोहून कमी. छातीपुरत्या, म्हणजे साधारण २५ बाय ३० सेंटिमीटरच्या पाटीचा हिशेब केला तर सव्वातीन किलोंच्या आत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी ‘अभेद’ नावाची जाकिटे पुढे आणली, किमान वजन ८.२ आणि ९.५ किलो.

हे किलोंचे आकडे वाचताना कुणाला वाटेल, त्यात काय मोठेसे? मे महिन्यात गडचिरोलीच्या जंगलात दिवसभर चालणाऱ्या पोलिसांच्या सी-६० पथकाच्या जवानाला विचारा. बंदूक, काडतुसे, पाणी, वायरलेस, शिधा, आणि त्यावर हे. घामाने भिजलेले जाकीट अंगावर चढवलेला माणूस लवकर थकतो, थकलेला माणूस उशिरा पाहतो. जाड जाकीट करणे अवघड नाही. चार बोटे पोलाद लावले तर रणगाड्याची तोफ सोडून बरेच काही अडेल. सारी विद्या आहे ती एक किलो कमी करण्यात, आणि खुंटीवर टांगलेले जाकीट, ते कितव्याही पातळीचे असो, कुठलीच गोळी अडवत नाही. वजनाइतकाच प्रश्न मापाचाही आहे. महाराष्ट्र पोलीस दलात महिलांसाठी ३० टक्के आरक्षण आहे. पुरुषी छातीच्या मापाची सपाट पाटी त्यांना नीट बसत नाही, काखेशी फट राहते. अमेरिकेच्या २०२३ च्या नव्या मानकात महिलांच्या जाकिटांच्या चाचणीसाठी खास पद्धती आल्या. आपल्याकडे खरेदीच्या निविदेत हा विषय आला का, हे कुणीतरी विधानसभेत विचारावे.

दर काही महिन्यांनी वर्तमानपत्रांत बातमी येते की आता कोळ्याच्या जाळ्याचे, ग्राफिनचे, किंवा धक्का बसताच घट्ट होणाऱ्या द्रवाचे चिलखत येणार. तो द्रव आपल्याला नवा नाही. कॉर्नफ्लोअरच्या घट्ट पेस्टवर बोट हळू दाबले तर आत जाते आणि जोरात ठोसा मारला तर ती दगडासारखी अडवते. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात असा द्रव केवलारमध्ये मुरवून पाहिला गेला आणि सुरी-सळईच्या वारासमोर तो चांगला ठरला. रायफलच्या गोळीसमोर अजून सिरॅमिक आणि धागा यांना पर्याय नाही. अशा बातम्यांनी आनंद व्हावा, पण ठाण्यातल्या ट्रंकेत पडलेल्या जाकिटाकडे दुर्लक्ष होऊ नये.

कारण खरा घात तिथे होतो. पंचविसेक वर्षांपूर्वी ‘झायलॉन’ नावाचा जपानी धागा बाजारात आला. केवलारहून कितीतरी मजबूत आणि हलका. अमेरिकेतल्या पोलिसांनी हौसेने त्याची जाकिटे घेतली, कोऱ्या मालाच्या चाचण्या उत्तम निघाल्या. २००३ च्या जूनमध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या फॉरेस्ट हिल्स या छोट्या गावच्या पोलिसावर गोळ्या झाडल्या गेल्या. जाकीट त्या पातळीची गोळी अडवण्याच्या हमीचे होते, जुनेही नव्हते. एक गोळी आरपार गेली. पोलीस बचावला. पण जाकीट फेकले गेले नाही, तपासाला गेले. मग सरकारी संस्थेने देशभरातून वापरलेली झायलॉनची जाकिटे गोळा करून त्यांवर गोळ्या झाडल्या. १०३ पैकी ६० जाकिटांतून किमान एक गोळी पार झाली. कारण निघाले ओलावा. हवेतली आर्द्रता आणि अंगाची ऊब धाग्याला आतून कुरतडत होती आणि वरून काहीच दिसत नव्हते. २००५ मध्ये झायलॉन यादीतून बाद झाला. आणि २००८ च्या जुलैत, म्हणजे मुंबईवरच्या हल्ल्याच्या चार महिने आधी, अमेरिकेने नवे मानक आणले. त्यात जाकीट ६५ अंश तापमानात, ८० टक्के आर्द्रतेत दहा दिवस गरागरा फिरवून, म्हातारे करून, मग त्यावर गोळ्या झाडायच्या.

८० टक्के हा आकडा वाचून मुंबईकराला हसू येईल. जुलैत एवढी आर्द्रता आपल्या कपाटातसुद्धा असते. ठाण्याच्या गाडीत काच बंद करून उन्हात ठेवलेले जाकीट वेगळाच ताप सोसते. सिरॅमिकच्या पाटीला तर ना ऊन लागते ना पाऊस, पण बंदोबस्ताहून परतल्यावर ती दाणकन जमिनीवर टाकली की आत केसाएवढी भेग पडू शकते, वरचे कापड जसेच्या तसे राहून. अमेरिकी लष्कर म्हणून पाट्यांची क्ष-किरण तपासणी करते. आपल्याकडे आजी बाजारातून मडके आणताना बोटाने टकटक करून आवाज ऐकायची, भेग असली की मडके बद्द वाजायचे. पाण्यासाठी जेवढी काळजी, तेवढी तरी जिवासाठी हवी.

एक प्रसंग मुद्दाम आठवण्यासारखा आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात बातमी आली की महाराष्ट्र पोलिसांनी घेतलेल्या सुमारे ४,६०० जाकिटांपैकी १,४३० जाकिटे एके-४७ च्या चाचणीत नापास झाली म्हणून पुरवठादाराकडे परत पाठवली. तेव्हा ती लाजेची बातमी म्हणून वाचली गेली. आमच्या मते गेल्या काही वर्षांतली पोलीस खरेदीतली ती एक चांगली बातमी होती. कुणीतरी माल स्वीकारण्याआधी त्यावर गोळी झाडली, आरपार गेल्याचे पाहिले, आणि सही करायला नकार दिला. त्या नकाराने किती घरे वाचली याची मोजदाद कुठे होत नाही, म्हणून त्याचे कुणाला पदकही मिळत नाही.

पण ती चाचणी कोऱ्या मालाची होती. झायलॉन कोरा असताना पास झाला होता. आता प्रश्न आहे तो त्या वेळी पास होऊन वाटल्या गेलेल्या जाकिटांचा. ती आज कुठल्या ठाण्यात, कुठल्या ट्रंकेत आहेत? त्यांच्या आतल्या पट्टीवरचे उत्पादनाचे वर्ष वाचता येते का? मऊ जाकिटाची हमी साधारणपणे पाच वर्षांची असते. दुकानातल्या औषधाच्या पाकिटावर मुदत संपल्याची तारीख नसेल तर आपण दुकानदाराशी भांडतो. छातीवर घालायच्या या औषधाची मुदत ठाण्यातल्या कुणाला ठाऊक असते?

गृहखात्याने या वर्षी नवे काही विकत घेण्याआधी एक स्वस्त काम करावे. प्रत्येक जिल्ह्यातून वापरलेली पाच-दहा जाकिटे उचलावीत. कोकणातली दमट, विदर्भातली तापलेली, मुंबईतली गाडीच्या डिकीत राहिलेली. कपड्याची शिवण उसवून धागा पाहावा, पाट्या क्ष-किरणाखाली ठेवाव्यात, आणि मग त्यांवर गोळ्या झाडाव्यात. नियमाप्रमाणे मागे मातीचा गोळा ठेवून. फुगवटा मर्यादेच्या आत राहिला की बाहेर गेला, ते मोजावे, आणि आकडे जाहीर करावेत. ज्या लॉटमध्ये गोळी आरपार जाईल तो सगळा लॉट त्याच आठवड्यात परत घ्यावा. ज्यांचा लॉट पास होईल त्यांना तसे कळवावे, म्हणजे उद्याच्या नाकाबंदीत ते जाकीट चढवताना त्यांच्या मनात शंका राहणार नाही.

जाकिटे आहेत, गोळीबाराची मैदाने आहेत, मातीही आहे. आणि त्यासाठी लागणाऱ्या गोळ्या पोलिसांकडे आहेतच.